बॅलन्स संपत आलाय, आता काय?

मागच्या अंकात प्रीपेड वीज मीटरबद्दल दोनच प्रश्न घेतले होते आणि शेवटी सहज लिहून टाकलं की अजून कोणाची काही अडचण असेल तर कळवा. कळवलंत! इतकं कळवलंत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागलं. त्यातले काही प्रश्न जवळजवळ सारखेच होते ते एकत्र केलेत, आणि काही पत्रांत निव्वळ शिव्या होत्या, त्या मीटरला उद्देशून आहेत असं समजून बाजूला ठेवल्यात.

ताई, आमच्या मीटरवर बॅलन्स दिसतो पण त्याचा अर्थच लागत नाही. १८ दिसलं की भरपूर आहे असं वाटतं आणि दोन दिवसांनी लाइट जाते, कधी ९ वरसुद्धा तीन दिवस निघतात. मग रिचार्ज नेमका कधी करायचा?

तो आकडा नुसता बघून काही कळत नाही हो, तुमचंच काय कोणाचंही तसंच होतं. १८ म्हणजे किती हे घरावर अवलंबून आहे. आधी एक बघा, तुमचा मीटर बॅलन्स युनिटमध्ये दाखवतो का पैशात. दोन्ही प्रकारचे मीटर असतात, आणि बऱ्याच मीटरवर बटण दाबत गेलं की एकामागून एक स्क्रीन येतात, त्यात बॅलन्स वेगळा, आजवरचं एकूण रीडिंग वेगळं, या महिन्याचा वापर वेगळा. लोक घाईत एकूण रीडिंगलाच बॅलन्स समजून निवांत बसतात.

मग एक आठवडा फक्त एवढंच करायचं. मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवा आणि दोऱ्याला पेन्सिल बांधून ठेवा, दोऱ्याला बांधायचीच, नाहीतर तिसऱ्या दिवशी पेन्सिल मुलांच्या दप्तरात सापडते. रोज रात्री एकाच वेळेला बॅलन्स लिहायचा. समजा सोमवारी रात्री ४६.२ युनिट होते आणि मंगळवारी रात्री ४१.७, म्हणजे दिवसाला साडेचार गेले. सात दिवसांचे असे आकडे आले की सरासरी काढा, आणि त्यातला सगळ्यात जास्त वापराचा दिवस कोणता होता त्याच्याभोवती गोल करा, बहुतेक तो कपडे धुण्याचा नाहीतर इस्त्रीचा दिवस निघतो.

आता १८ बघितलं की डोक्यात १८ येता कामा नये, साडेचारने भागून 'चार दिवस' आले पाहिजेत. त्यातला एखादा गोल केलेला दिवस असेल तर तीनच धरा. बॅलन्स युनिटमध्ये नसेल तर हेच पैशात करायचं, गणित तेच. मीटरला किंवा अॅपला कमी बॅलन्सचा इशारा सेट करता येत असेल तर कंपनीने दिलेला आकडा तसाच ठेवू नका, तो कोणाच्या तरी घराच्या मानाने ठरवलेला असतो, तुमच्या नाही. तुमच्या तीन दिवसांच्या वापराएवढा ठेवा. तीन का, तर एक दिवस इशारा बघायचा राहतो, एक दिवस पैसे भरायचे राहतात आणि एक दिवस सर्व्हर बंद असतो.

आम्ही दिवे जपून वापरतो, खोलीतून बाहेर पडलं की बटण बंद, मुलांना ओरडून ओरडून घसा बसला, तरी बॅलन्स पळतोच. मीटर फास्ट तर नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून जरा ऐसपैस उत्तर देते.

मीटर फास्ट असू शकतो पण त्याच्यावर संशय घ्यायच्या आधी दिव्यांवरचा संशय काढा. ९ वॅटचा एलईडी दिवा शंभर तास चालवला तरी एक युनिट भरत नाही. आणि २००० वॅटचा गीझर वीस मिनिटं चालू राहिला की पाऊण युनिटच्या जरा आत खातो. म्हणजे कोणीतरी अंघोळीच्या आधी गीझर लावून फोनवर गप्पा मारत बसलं, त्या वीस मिनिटांत तो दिवा तीन दिवस तीन रात्री अखंड जळाला असता. मुलांचे कान आणि तुमचा घसा दोन्ही वाचवा, उष्णता करणाऱ्या वस्तूंकडे बघा. गीझर, पाण्यातला रॉड, इस्त्री, हीटर, केटल, इंडक्शन, वॉशिंग मशीनचा गरम पाण्याचा प्रोग्राम. जिथे जिथे काहीतरी तापवायचं असतं तिथे वीज भसाभस जाते, कारण पाणी तापवायला जेवढी ऊर्जा लागते ती लागतेच, त्यात कुठलीही कंपनी जादू करू शकत नाही. १५ लिटरची टाकी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायची तर सुमारे ०.६ युनिट, हे निसर्गाचं रेटकार्ड आहे. तुमच्या हातात एवढंच की ती टाकी दिवसातून दोनदा तापवायची का एकदा, आणि सगळ्यांनी लागोपाठ अंघोळी उरकायच्या का पहिल्याची सातला आणि शेवटच्याची अकराला, म्हणजे मधल्या वेळात ती टाकी पुन्हा पुन्हा तापत राहणार.

दुसरा नंबर लागतो तो सतत चालणाऱ्यांचा. साधा पंखा ७५ वॅटचा, दिवसरात्र फिरला तर १.८ युनिट. नवीन बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, तीसेक वॅटमध्ये काम करतात, त्यांचे ०.७ होतात. वायफायचा राउटर बिचारा दहा वॅटचा पण चोवीस तास आणि तीस दिवस धरले की महिन्याला सातच्या वर युनिट. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बंद झालेला नसतोच, हात लावून बघा, गरम लागतो.

आता मीटरलाच विचारायची युक्ती. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ३२०० इम्प किंवा १६०० इम्प असं काहीतरी छापलेलं असतं. ३२०० म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि मोजा. समजा मिनिटात २० वेळा लुकलुकला, म्हणजे तासाला १२००, भागिले ३२००, म्हणजे तासाला ०.३७५ युनिट, म्हणजे घरात आत्ता ३७५ वॅट चालू आहेत. मग एकेक वस्तू बंद करत जा आणि पुन्हा मोजा. मी हे आमच्याकडे रात्री साडेअकराला केलं, सगळे झोपले होते, हातात टॉर्च आणि स्टूलवर उभी, आणि आकडा काही केल्या खाली येईना. शेवटी निघालं काय तर गच्चीवरच्या बाथरूममधला गीझर, जो आम्ही वापरतच नाही, तो आदल्या आठवड्यात पाहुण्यांसाठी लावलेला तसाच चालू. आठ दिवस! टाकीतलं तेच पाणी थंड होणार, तो पुन्हा तापवणार, कोणी वापरणार नाही. त्या स्टूलवर उभं राहून मी ज्याला जे म्हणायचं ते म्हणून घेतलं.

आणि हो, मीटर खरंच फास्ट आहे का ते बघायचं असेल तर घराचा मेन स्विच बंद करा आणि पंधरा मिनिटं त्या लाल दिव्याकडे बघा. लुकलुकायला नको. लुकलुकला तर मीटर आणि तुमच्या मेन स्विचच्या मधून कोणीतरी वीज घेतंय किंवा वायरिंगमध्ये गळती आहे, नाहीतर मीटरच बिघडलाय, मग इलेक्ट्रिशियन आणि वीज कंपनी दोघांना बोलवा. मेन बंद केल्यावर तो दिवा गप्प बसत असेल तर एक ठरलेल्या वॅटची वस्तू, म्हणजे समजा जुना १००० वॅटचा हीटर, एकटीच एक तास चालवा, एक युनिटच्या आसपास जायला हवं. थोडंफार इकडे तिकडे चालतं, दीड गेलं तर लेखी तक्रार करून मीटर तपासून मागा. स्वतः मीटरचं झाकण उघडायचं नाही. झाकण उघडल्याची नोंद मीटर करतो, बरेचसे मीटर त्याच क्षणी लाइट तोडतात, आणि मग ती परत जोडून घेण्यात जो वेळ जातो त्यात तुमची तक्रार खरी होती हे सांगायला पण तोंड राहत नाही.

महिनाभर घर बंद होतं. जाताना बॅलन्स चांगला होता, फ्रीजसुद्धा रिकामा करून बंद केला होता, आल्यावर बघते तर मायनसमध्ये! घरात कोणी नसताना वीज वापरली कोणी?

कोणी नाही. स्थिर आकार. जोडणी आहे म्हणून रोजचा एक ठरलेला पैसा कापला जातो, तुम्ही एक दिवा लावा न लावा. पोस्टपेडमध्ये तो बिलाच्या तळाशी एका ओळीत असायचा म्हणून आपण कधी बघितला नाही, प्रीपेडमध्ये तो डोळ्यांदेखत रोज गळतो. आणि काही मीटरमध्ये बॅलन्स शून्याच्या खाली गेला, लाइट तोडली गेली तरी हा आकार चढतच राहतो, मग तुम्ही परत येऊन रिचार्ज केला की पहिल्यांदा तो मागचा खड्डा भरतो आणि उरलं तर घरात लाइट. म्हणून जायच्या आधी स्थिर आकार गुणिले जितके दिवस तेवढं ठेवून जा, वर थोडं जास्त. कागद आणि पेन्सिलवाली युक्ती इथेही कामाला येते, एक दिवस मेन स्विच बंद ठेवून बघा, त्या चोवीस तासांत जे कापलं जाईल तो तुमचा स्थिर आकार.

इमर्जन्सी क्रेडिटचं बटण दाबू का नको? शेजारीण म्हणते ते फुकट असतं.

शेजारणीला सांगा उसनं आणि फुकट यात फरक असतो. बॅलन्स अगदी कमी झाला किंवा संपला की बऱ्याच मीटरमध्ये एक ठरावीक रक्कम किंवा युनिट उसने मिळतात, कुठे बटण दाबून, कुठे ठरलेला कोड टाकून, कुठे आपोआप. समजा दहा युनिटचं उसनं मिळालं आणि तुम्ही ते पूर्ण वापरलं, आणि मधल्या दोन दिवसांचा स्थिर आकार दोन युनिटएवढा झाला. आता तुम्ही तीस युनिटचा रिचार्ज केलात तर मीटरवर तीस नाही, अठरा दिसणार. मग लोक दुकानदाराशी भांडतात की बारा युनिट कुठे गेले. त्यात जुनी थकबाकी हप्त्याने वळती होत असेल तर अजून कमी, कारण काही ठिकाणी प्रत्येक रिचार्जमधून ठरलेले टक्के थकबाकीला जातात.

माझं मत विचाराल तर रात्री दहाला घरात लहान मूल आहे आणि लाइट जायची वेळ आलीय, तर बिनधास्त दाबा, त्याच्यासाठीच आहे ते. पण दर महिन्याला दाबायला लागत असेल तर तुमचा रिचार्ज नेहमीच आधीच्या खड्ड्यात पडतोय आणि तुम्ही कायम एक पाऊल मागे चालताय. त्यातून बाहेर यायला एकदाच, फक्त एकदाच, नेहमीच्या रकमेवर त्या उसन्याएवढी जास्तीची रक्कम टाकायची, मग पुढचे रिचार्ज पूर्ण मिळायला लागतात.

अजून एक, काही वीज कंपन्या रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बॅलन्स संपला तरी लाइट तोडत नाहीत, कामकाजाच्या दिवशी सकाळी तोडतात. तुमच्याकडे तसं आहे का ते विचारून ठेवा, शनिवारी रात्री जीव मुठीत धरून बसायला लागणार नाही. पण त्या वेळात वापरलेली वीज सोडून देत नाहीत हां, ती सोमवारी वजा होते.

ताई, मी शिकायला बाहेर राहतो. ही खोली दीड-दोन वर्ष बंद होती, आम्ही मित्रांनी आता घेतली. रिचार्ज केला, २० आकडी नंबर आला, मीटरवर टाकला तर रिजेक्ट. परत टाकला, परत रिजेक्ट. आठ वेळा टाकला, आता तर मीटर नंबरच घेत नाहीये. पैसे बुडाले का?

नाही रे, बुडाले नाहीत, आधी नवव्यांदा टाकायचा मोह आवर. चुकीचे नंबर पुन्हा पुन्हा टाकले की मीटर काही वेळासाठी कीपॅड बंद करतो, कोणी अंदाजे नंबर मारून फुकट वीज घेऊ नये म्हणून. त्याला थोडा वेळ एकटं सोड.

आता तो २० आकडी नंबर, त्यालाच टोकन म्हणतात, म्हणजे काय ते सांगते, म्हणजे तुझं तुलाच कळेल कुठे अडलंय. तो नुसता पावती नंबर नाही, त्यात किती युनिट ते, आणि टोकन कधी काढलं ती वेळ, असं सगळं कुलूपबंद करून भरलेलं असतं, आणि त्या कुलपाची किल्ली फक्त तुझ्या मीटरकडे असते. त्यामुळे एका मीटरचा नंबर दुसऱ्यावर चालत नाही आणि एकदा वापरलेला परत चालत नाही. अशा टोकनच्या मीटरला इंटरनेट वगैरे काही लागत नाही, नंबर बरोबर असेल तर जंगलातसुद्धा चालेल. तर पहिलं, रिचार्ज करताना टाकलेला मीटर नंबर आणि मीटरवर छापलेला नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळव. भाड्याच्या खोल्यांमध्ये चार मीटर एका ओळीत असतात आणि घरमालक सांगतो 'तो डावीकडचा', आणि डावीकडचा कोणाच्या बाजूने बघितला तर डावीकडचा? चुकीच्या मीटरवर घेतला असशील तर ज्याच्याकडून घेतला त्याला लगेच कळव, नंबर वापरला गेला नसेल तोवर काहीतरी करता येतं.

पण मला खरा संशय दुसराच येतोय, तुझं ते 'दीड-दोन वर्ष बंद' वाचून. हे २० आकडी टोकन एसटीएस नावाच्या पद्धतीने चालतं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि मग बऱ्याच देशांत पसरली. टोकनमध्ये जी वेळ असते ती १ जानेवारी १९९३ पासून मिनिटांत मोजलेली असायची आणि त्या मोजणीला जागा होती २४ बिटची (शून्य किंवा एक लिहायची २४ घरं), त्यात मावतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ मिनिटं. ती जागा २४ नोव्हेंबर २०२४ ला भरली. त्याच्या आधी जगभरातल्या अशा मीटरना नवीन किल्ली द्यायची होती, २० आकड्यांचे दोन खास नंबर, एकामागून एक, दिलेल्या क्रमाने. घरात माणसं होती तिथे रिचार्जबरोबर ते नंबर आले आणि टाकले गेले. तुझी खोली बंद होती, कोणी टाकणार! त्यामुळे मीटर अजून जुन्या किल्लीवर बसलाय आणि नवीन टोकन त्याला कळतच नाही. वीज कंपनीकडे मीटर नंबर देऊन ते किल्ली बदलायचे दोन नंबर माग, आधी पहिला, मग दुसरा, मग तुझा रिचार्ज. आणि खोलीत कुठे जुना, न वापरलेला रिचार्जचा कागद सापडला तर तो किल्ली बदलायच्या आधी टाकून बघ, नंतर तो कायमचा गेला.

कीपॅड मीटरपासून वेगळं, खोलीत भिंतीवर असेल तर त्याच्या मागे सेल असतात तेही बघ. लाइट गेलेली, सेल मेलेले आणि हातात नंबर, अशी वेळ येते. आणि पहिल्याच दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवायला हवा होतास, बॅलन्स, थकबाकी, एकूण रीडिंग, मीटर नंबर सगळं दिसेल असा. आता काढ. आधीच्या भाडेकरूची थकबाकी त्या मीटरवर असेल तर ती तुझ्या रिचार्जमधून जाईल, आणि ती तुझी नाही हे दाखवायला तारखेचा फोटो लागेल. घरमालकाला पाठवून ठेव, तोंडी सांगू नकोस.

महिन्याच्या सुरुवातीला जेवढे पैसे टाकतो तेवढेच शेवटी टाकतो, पण शेवटी युनिट कमी येतात. ही काय भानगड?

स्लॅब. पहिले काही युनिट स्वस्त, पुढचे महाग, त्याच्या पुढचे अजून महाग, आणि महिना बदलला की परत पहिल्यापासून. पोस्टपेडलाही हे असतंच. पण टोकनच्या मीटरमध्ये एक गंमत होते, बऱ्याच ठिकाणी स्लॅब तुम्ही वापरलं किती यावर नाही तर त्या महिन्यात विकत घेतलं किती यावर मोजतात. म्हणजे पगार झाला, हात मोकळा आहे, म्हणून शहाणपणाने दोन महिन्यांची वीज एकदम भरली तर दुसऱ्या महिन्याचे युनिट तुम्ही महागाच्या स्लॅबमध्ये घेतलेत. इतर सगळ्या गोष्टी घाऊक घेतल्या की स्वस्त पडतात, ही उलटी. तर तुमच्याकडे स्लॅब खरेदीवर आहे का ते आधी विचारा, आणि असेल तर महिना संपायला दोन-तीन दिवस राहिलेत आणि बॅलन्स कमी आहे अशा वेळी फक्त तेवढ्या दिवसांपुरतं घ्या, बाकीचं एक तारखेनंतर.

ताई, माझं वय ७८. पत्नीला घरी ऑक्सिजनचं मशीन लागतं, बहुतेक वेळ चालू. मुलं बाहेर असतात. बॅलन्स संपेल या भीतीने मी रात्री दोनदा उठून मीटर बघतो.

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही रात्री उठायची गरज राहू नये अशी व्यवस्था करू या.

पहिलं काम, वीज कंपनीला लेखी कळवा की घरात असं मशीन आहे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, आणि पोच घ्या. बऱ्याच कंपन्या अशा घरांची वेगळी नोंद ठेवतात, आणि प्रीपेडऐवजी साधं महिन्याचं बिल मागता येतं का ते स्पष्ट विचारा. माझ्या मते जिथे श्वास मशीनवर आहे तिथे प्रीपेड मीटर नकोच. नाही म्हणाले तर तेही लेखी मागा.

दुसरं, मशीनच्या मागच्या लेबलवर वॅट बघा. पाच लिटरची मशीन साधारण ३५० वॅटच्या आसपास असतात, म्हणजे चोवीस तास चाललं तर दिवसाला आठ-साडेआठ युनिट एकट्या त्या मशीनचे. घरातल्या बाकी वापरात हे मिळवा आणि त्याच्या दहा पट बॅलन्स, म्हणजे दहा दिवसांचा, ही तुमची शून्याची रेघ समजा. त्याच्या खाली गेलं की संपलं असं धरायचं आणि त्याच दिवशी भरायचं. इतरांना मी तीन दिवस सांगितले, तुम्हाला दहा. रिचार्जचं काम मुलांकडे द्या, ते बाहेर असले तरी मीटर नंबर असला की कुठूनही भरता येतं, आणि कमी बॅलन्सचा मेसेज तुमच्याबरोबर त्यांच्या फोनवरही जाईल असं करून घ्या. टोकनचा मीटर असेल तर त्यांनी पाठवलेला नंबर तुम्हाला टाकावा लागेल, म्हणून एक जास्तीचं टोकन आधीच घेऊन मोठ्या अक्षरात लिहून मीटरजवळ ठेवा.

तिसरं, लाइट काय फक्त बॅलन्सनेच जाते असं नाही. भरलेला ऑक्सिजन सिलेंडर आणि तो लावता येईल असा रेग्युलेटर घरात हवाच, आणि तो कसा लावायचा हे एकदा डॉक्टर किंवा मशीन देणाऱ्या माणसासमोर तुमच्या स्वतःच्या हाताने करून बघा. फ्रीजमध्ये इन्सुलिन किंवा दुसरं औषध असेल तर लाइट गेल्यावर दार उघडू नका, बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ गेला तर केमिस्टला विचारूनच वापरा.

रिचार्ज झाला, मेसेज आला, बॅलन्सही दिसतोय, पण घरात अंधार!

मीटरवर बघा एखादं बटण दाबायला सांगतोय का. बऱ्याच मीटरमध्ये पैसे आले तरी लाइट आपोआप जोडत नाहीत, घरातल्या माणसाने बटण दाबून जोडायची असते, आणि लोक याला कटकट म्हणतात. मी पण म्हणायचे. मग एकदा इस्त्री करताना बॅलन्स संपून लाइट गेली, मी इस्त्री तशीच उभी ठेवली, म्हणजे मला वाटलं उभी ठेवली, आणि कंटाळून बाहेर निघून गेले. वाटेत आठवलं तसा फोनवरून रिचार्ज केला. आमचा मीटर आपोआप जोडणारा! संध्याकाळी दार उघडलं तेव्हा घरभर जळका वास, इस्त्रीच्या टेबलाला तिच्या आकाराचा काळा नकाशा आणि एक शर्ट कायमचा गेलेला. शर्टावर निभावलं. तेव्हापासून लाइट गेली की आधी प्लग काढते, मग चिडते.

बटण दाबूनही येत नसेल तर घरातले मोठे स्विच बंद करून बघा. गीझर, एसी, पंप सगळे चालू राहिलेले असले आणि एकदम लाइट आली की सगळे एकाच वेळी ओढतात, मंजूर भाराच्या, म्हणजे तुमच्या जोडणीला एका वेळी जेवढी वीज ओढायची परवानगी आहे त्याच्या, वर गेलं की मीटर परत तोडतो, आणि आपल्याला वाटतं बॅलन्स गेला. स्क्रीनवर ओव्हरलोडसारखं काहीतरी असेल तर हेच. स्मार्ट मीटर, म्हणजे नंबर न टाकता नेटवर्कवरून रिचार्ज घेणारा, असेल तर रिचार्ज पोचायलाही वेळ लागतो, नेटवर्क मंद असेल तर जास्तच, तेवढ्यात घाबरून दुसरा रिचार्ज मारू नका. एका बाईंनी तीनदा मारला आणि तिन्ही आले, आता त्यांना दोन महिने चिंता नाही.

'आज रात्री ९.३० ला तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असा मेसेज आलाय. बॅलन्स तर आहे. फोन करू का?

नको. मीटरवर बॅलन्स दिसतोय ना, मग तो मेसेज कोणाचाही असो, खोटा. फोन केलात तर अॅप टाकायला सांगतात, स्क्रीन बघतात आणि बँकेतलं सगळं धुऊन नेतात. काही विचारायचंच असेल तर मीटरवर किंवा जुन्या पावतीवर छापलेल्या नंबरवर विचारा, आणि तो नंबर त्या पेन्सिलवाल्या कागदावर वरच्या बाजूला लिहून ठेवा.